‘लॉयल्टी’चा कोळसा

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. १९१९ साली या दिवशी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली, त्याची ही आठवण. १९६४ पासून हा दिवस साजरा होतो. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत ‘लॉयल्टी’ला एक ओळ मिळते आणि ती ओळ पाठ करून मुले पुढच्या प्रश्नाकडे जातात. त्या ओळीत एक गोष्ट येत नाही. ही बोट जुनी होती. नुसती जुनी नव्हे, सिंदिया कंपनी तिची तिसरी मालक होती. मुंबईहून निघाली तेव्हा तिने २८ वर्षे समुद्रात काढली होती. ज्या सफरीचा आपण सण करतो तिच्यानंतर दोन वर्षांतच ती बंद करून उभी ठेवावी लागली आणि चौथ्या वर्षी ती मुंबईतच भंगारात गेली.

असे का झाले, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर म्हणजे ब्रिटिश कंपन्यांनी केलेली गळचेपी. ते खरे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला ते पुरेसे वाटत नाही. त्याच ब्रिटिश कंपन्यांशी झुंजत सिंदियाच्या इतर बोटी चालत राहिल्या, ‘लॉयल्टी’ मात्र चालली नाही. म्हणजे कारणाचा काही भाग बोटीच्या पोटातही असला पाहिजे. तो शोधायचा तर इतिहासाच्या पुस्तकांइतकीच इंजिनाची समजूत लागते.

मी राहतो पिंपळगाव बसवंतला. समुद्र इथून सुमारे २०० किलोमीटरवर. पाराशरीच्या पात्रात बोट घालायचे इथे कुणाच्या मनात येत नाही. नांदूरमध्यमेश्वरला पाणी आहे, पण ते पाखरांचे. जुन्या इंजिनांची पारख मात्र या गावाला आहे. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांची बाजारपेठ, शेजारून मुंबई-आग्रा रस्ता, त्यामुळे ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर यांची खरेदी-विक्री बारा महिने चाललेली असते. विहिरींवर विजेच्या मोटारी येण्याआधी ऑइल इंजिने होती, आणि ती हातोहात फिरत. कूपर असो की किर्लोस्कर, एक इंजिन तीन-चार मळ्यांचे पाणी पिऊन मगच थंड व्हायचे. जुने इंजिन घ्यायला निघालेला शेतकरी बरोबर मिस्त्री नेतो. हा मिस्त्री काय करतो ते नीट पाहिले, तर ‘लॉयल्टी’ची गोष्ट समजायला मदत होते.

तो आधी इंजिनावर हात ठेवतो. इंजिन गरम असेल तर विकणाऱ्याने सकाळीच एकदा चालू करून ठेवले आहे, हे त्याला कळते. थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होत नसेल, तर कॉम्प्रेशन गेलेले असते, आणि ते लपवण्याचा हाच सोपा उपाय आहे. मग तो डिपस्टिक काढून ऑइल बोटांत चोळतो. ऑइल दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी उतरले आहे. ऑइल अगदी नवे आणि गरजेपेक्षा घट्ट लागले, तरी तो मान हलवतो, कारण घट्ट ऑइलने झिजलेल्या बेअरिंगचा ठोका काही तास दबतो. नंतर धूर. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. बहुधा नोझल किंवा हवेची जाळी, खर्च थोडा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा आणि लायनर गेले. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर हेडपाशी काहीतरी फुटले आहे. शेवटी तो ऑइल भरायचे झाकण उघडतो आणि तिथून भकाभका वाफारा येऊ लागला की एवढेच म्हणतो, ‘इंजिन कामाला आलंय.’ या तीन शब्दांनी किंमत खाली येते.

पण मुरलेला मिस्त्री याच्याही आधी एक प्रश्न विचारतो. ‘भाऊ, हा पहिले कुठं चालायचा?’ ट्रॅक्टर द्राक्षबागेत औषध फवारणीला चालला, की साखर कारखान्याच्या उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायला, की मुरूम वाहायला, यावर सगळे अवलंबून असते. दिसायला सारखे, एकाच वर्षाचे, एकाच कंपनीचे दोन ट्रॅक्टर असतात, पण एकाने भार घेतला आहे आणि दुसऱ्याने तास भरले आहेत. आणि या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. उसाच्या ट्रॉल्या ओढायला घेतलेला मोठा ट्रॅक्टर पूर्ण तंदुरुस्त असला, तरी पाच एकरांच्या बागायतदाराने तो घेऊ नये. तो द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये मावणार नाही आणि मावला तरी ब्लोअर फिरवायला जेवढे डिझेल लागायला हवे त्याच्या कितीतरी जास्त पिईल. तो बिघडलेला नाही. तो दुसऱ्याच्या हिशोबासाठी बनलेला आहे.

‘लॉयल्टी’ कुणाच्या हिशोबासाठी बनली होती?

तिचे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडमधल्या बॅरो गावच्या गोदीत ती बांधली गेली आणि ३० ऑगस्ट १८९० रोजी पाण्यात उतरली. लांबी सुमारे ४५६ फूट, रुंदी ५१ फूट, नोंदणीचे वजनमाप ५,९०५ टन, दोन धुरांडी, तीन डोलकाठ्या, दोन पंखे. मालक कॅनेडियन पॅसिफिक, म्हणजे तीच रेल्वे कंपनी जिने कॅनडा आडवा ओलांडून व्हँकुव्हरपर्यंत रूळ नेले. हाँगकाँग, शांघाय आणि योकोहामाचा माल नि प्रवासी व्हँकुव्हरला आणायचे, तिथून आपल्या रेल्वेने पलीकडच्या किनाऱ्याला, आणि पुढे इंग्लंडला, अशी त्यांची योजना होती. त्यासाठी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, ‘एम्प्रेस ऑफ जपान’ आणि ‘एम्प्रेस ऑफ चायना’ अशा तीन सारख्या बोटी बांधल्या गेल्या. फेब्रुवारी १८९१ मध्ये पहिली बोट लिव्हरपूलहून निघाली आणि सुएझमार्गे पूर्वेला फिरून एप्रिलअखेर व्हँकुव्हरला पोहोचली.

या बोटी पोसल्या गेल्या त्या टपालावर. पूर्वेकडची डाक ठरलेल्या वेगाने नेण्याबद्दल कॅनेडियन पॅसिफिकला वर्षाला ६०,००० पौंड मिळत. त्यातले ४५,००० ब्रिटिश सरकार देई आणि १५,००० कॅनडाचे सरकार. बोटीत प्रवासी आणि माल किती, याच्याशी या पैशाचा संबंध नव्हता. वेळ पाळली की पैसे मिळत. साहजिकच बोटीची घडण वेगासाठी झाली. ती ताशी १६ सागरी मैलांनी जाणारी बोट होती, आणि त्या काळच्या सामान्य मालवाहू आगबोटी ८ ते १० मैलांनी जात. प्रवाशांची सोय पहिल्या वर्गात १२०, दुसऱ्यात ५० आणि डेकखालच्या स्वस्त वर्गात ६००. मालासाठी जागा बेताची, कारण चहा आणि रेशीम हा माल थोडक्या जागेत मोठी किंमत सामावतो. तांदूळ किंवा कोळसा भरून पैसे मिळवायची ही बोट नव्हती.

१६ आणि १० यांत फरक ६ मैलांचा दिसतो, पण इंजिनघरात तो वेगळ्या मापाने मोजावा लागतो. बोट पाणी ढकलत जाते आणि पाणी हट्टी असते. वेग दुप्पट करायचा तर शक्ती दुप्पट पुरत नाही, सुमारे आठपट लागते. शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, असा हा ठोकताळा आहे. १० ऐवजी १६ मैलांनी जायचे तर शक्ती सुमारे चौपट. प्रवास लवकर संपतो, म्हणून एकूण कोळसा चौपट लागत नाही, पण तेवढ्याच अंतराला अडीचपट लागतोच. मुंबई ते लंडन हे अंतर सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल. १६ मैलांनी गेले तर १६-१७ दिवस, १० मैलांनी २६ दिवस. नऊ-दहा दिवस वाचवण्यासाठी अडीचपट कोळसा जाळणे डाकेला परवडते, कारण तिथे दिवसाचीच किंमत मिळते. तांदळाला ते परवडत नाही. तांदूळ आठवड्याने उशिरा पोहोचला म्हणून कुणी दर कमी देत नाही आणि लवकर पोहोचला म्हणून जास्तही देत नाही.

मग हळू का चालवू नये, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. हळू चालवता येते, पण बचत हिशोबातल्याइतकी होत नाही. त्या काळच्या आगबोटीत तिहेरी प्रसरणाचे वाफेचे इंजिन असे. बॉयलरमधली वाफ आधी एका लहान सिलिंडरमध्ये जाई. तिथे काम करून दाब उतरलेली वाफ दुसऱ्या मोठ्या सिलिंडरमध्ये आणि मग तिसऱ्या, सर्वांत मोठ्या सिलिंडरमध्ये. एकाच वाफेकडून तीनदा काम करून घ्यायचे, उसाच्या चिपाडातून पुन्हा पुन्हा रस काढावा तसे. ही रचना ठराविक भाराला उत्तम चालते. भार अर्ध्यावर आणला की वाफेचा बराच भाग सिलिंडरच्या थंड भिंतींवर पाणी होऊन वाया जातो. शिवाय बॉयलर किती धगधगते ठेवायचे याला एक किमान मर्यादा असतेच. इंजिनघरातली माणसेही तेवढीच लागतात. भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले, कोठारातून तो भट्टीपर्यंत वाहणारे कोळसेवाले, तेलवाले हे सगळे पाळ्यांनी चोवीस तास. टपालबोटीचे इंजिनघर म्हणजे एक गावच असे, आणि बोट हळू चालली म्हणून त्या गावाचा शिधा कमी होत नाही.

घाटाच्या बाजूला राहणाऱ्या वाचकाला आणखी एक गोष्ट चटकन पटेल. मुंबईहून येणारा ट्रक कसारा घाट चढतो तेव्हा इंजिनावर पूर्ण ताण येतो, पण घाट अर्ध्या तासात संपतो आणि इगतपुरीनंतर इंजिन श्वास घेते. बोटीला उतार नसतो. ती नांगर उचलल्यापासून नांगर टाकेपर्यंत घाटच चढत असते, दिवस-रात्र. म्हणून ट्रकच्या इंजिनात जी झीज वर्षभर चालून जाते, ती बोटीच्या इंजिनात एका फेरीत उघडी पडते. कोकणात मासेमारीच्या नौकांवर ट्रकची डिझेल इंजिने बसवतात, तेव्हाही अनुभवी नाखवा इंजिनाची छापील अश्वशक्ती पुरती वापरत नाही, हात राखून चालवतो. त्याचे कारण हेच.

१९१३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकने ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ आणि ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ या टर्बाइनच्या नव्या बोटी पॅसिफिकवर आणल्या. त्याच्या आदल्याच वर्षी डेन्मार्कची ‘सेलँडिया’ ही डिझेलवर चालणारी मोठी बोट समुद्रावर फिरू लागली होती. जुन्या तिहेरी इंजिनांचा वेगाच्या शर्यतीतला काळ संपत आला होता. ‘एम्प्रेस ऑफ चायना’ १९११ सालीच जपानच्या किनाऱ्याजवळ खडकावर फुटली होती. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि १९१४ च्या अखेरीस ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. भारतीय जखमी सैनिकांसाठी तिची इस्पितळबोट झाली, आणि जानेवारी १९१५ मध्ये तिला ‘लॉयल्टी’ हे नाव मिळाले. नाव कुणाच्या निष्ठेचे, ते सांगायला नको.

आमच्या गावावरून जाणारा आग्रा रोड ग्वाल्हेरवरूनच जातो. संस्थानाला समुद्र नाही आणि बोटीला मालक ग्वाल्हेरचा, ही गंमत मला इथे बसून जरा जास्तच कळते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की दुसऱ्या मालकाकडेही या बोटीला पैसे मिळवायचे नव्हते. पहिल्या मालकाला टपालाचे अनुदान होते, दुसऱ्याच्या पाठीशी संस्थानाचा खजिना. धंद्याच्या कमाईतून स्वतःचा कोळसा विकत घ्यायची पाळी तिच्यावर पूर्णपणे कधीच आली नव्हती. ती तिसऱ्या मालकाकडे येणार होती.

वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. घराणे व्यापाराचे आणि सराफीचे. वालचंदांना त्यात रस वाटला नाही. लक्ष्मण बळवंत फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून ते रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेऊ लागले, बार्शी लाइट रेल्वेपासून सुरुवात करून. नाशिक जिल्ह्याला ते पुढे मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या साखरेमुळे आणि मग गोळ्यांमुळे माहीत झाले. विमानांचा कारखानाही त्यांनीच १९४० मध्ये बंगळुरूला काढला. त्या कारखान्याची वंशपरंपरा आज आमच्या शेजारी ओझरला नांदते. पण हे सगळे नंतरचे. १९१९ मध्ये ते ३६ वर्षांचे ठेकेदार होते आणि जहाजाच्या धंद्याचा त्यांना काहीही अनुभव नव्हता.

‘लॉयल्टी’ विकाऊ आहे ही बातमी त्यांना रेल्वेच्या डब्यात, सहप्रवाशाशी बोलताना कळली, अशी हकीकत चरित्रकार सांगतात. ग. दे. खानोलकरांनी वालचंदांचे मोठे चरित्र लिहिले आहे, आणि माणसाच्या घाईचे, उत्साहाचे चित्र त्यात चांगले उतरले आहे. मला मात्र ती बातमी कळल्यानंतरचे दिवस जास्त विचार करायला लावतात. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास ही मुंबईतली मातब्बर मंडळी वालचंदांबरोबर उभी राहिली. २७ मार्च १९१९ रोजी कंपनीची नोंदणी झाली. बोटीच्या आधीच्या मालकावरून कंपनीचे नावही सिंदिया पडले. आणि नोंदणीनंतर अवघ्या ९ दिवसांनी बोट लंडनच्या वाटेला लागली, दस्तुरखुद्द वालचंद आणि नरोत्तम मोरारजी यांना घेऊन.

आमच्याकडे ट्रॅक्टर घ्यायलाही याहून जास्त दिवस लागतात. एवढ्या अवधीत २८ वर्षांच्या बोटीची काय तपासणी होऊ शकते? बोट सुक्या गोदीत घेऊन तिचा तळ पाहायचा, पत्र्यावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, गंजून पातळ झालेल्या जागी भोक पाडून जाडी मोजायची, पंख्याचा दांडा ओढून त्यावर चिरा आहेत का ते पाहायचे, ही झाली बाहेरची कामे. आत इंजिनापेक्षा बॉयलर महत्त्वाचे. वाफेचे इंजिन सहसा दगा देत नाही. त्याचे बेअरिंग घासले तर पुन्हा धातू ओतता येतो, पॅकिंग बदलता येते, आणि हे सगळे बोटीवरचेच लोक करतात. बॉयलरचे तसे नाही. वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणारे यंत्र जरा गळू लागले की समुद्राचे खारे पाणी बॉयलरमध्ये शिरते, नळ्यांवर खाराची पुटे चढतात, आणि तेवढीच वाफ काढायला जास्त कोळसा लागू लागतो. पुट आणखी जाड झाले तर पत्रा तापून फुगतो. जुन्या बोटीच्या बॉयलरला मग तपासनीस आधीपेक्षा कमी दाबाची परवानगी देतो. दाब कमी म्हणजे तिहेरी इंजिनाच्या तिसऱ्या सिलिंडरपर्यंत पोहोचेतो वाफेत जीवच उरत नाही. बोट चालते, परवानाही मिळतो, फक्त कोळशाचे बिल वाढते. कागदावर ही बोट तंदुरुस्तच असते.

तरीही ‘लॉयल्टी’चे यंत्र वाईट होते, असे मी म्हणणार नाही. त्याच नकाशाची, जवळजवळ त्याच वयाची ‘एम्प्रेस ऑफ जपान’ १९२२ पर्यंत पॅसिफिकवर डाकेच्या कामात होती. बहीण चालली, कारण तिचा मालक आणि तिचे काम बदलले नव्हते.

वालचंदांना हे कळत नव्हते काय? रेल्वेच्या कामात रूळ, वाघिणी, पंप, इंजिने यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता. जुन्या यंत्राची किंमत त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळत असेल. पण १९१९ च्या आरंभी निवडीला वावच नव्हता. चार वर्षे जर्मन पाणबुड्यांनी बोटी बुडवल्या होत्या. उरलेल्या बोटी युद्धाच्या कामांतून मोकळ्या होत होत्या. गोद्यांमध्ये नव्या बोटींसाठी रांगा, आणि त्या रांगेत हिंदुस्थानी खरेदीदाराला जागा शेवटची. मालभाड्याचे दर आकाशाला टेकले होते. अशा वेळी मुंबईच्या बंदरात उभी असलेली, हिंदी मालकाची, लगेच ताब्यात मिळणारी बोट ही एकच होती. तिचा कोळसा महाग होता, पण मालभाडे त्याहून महाग होते. तोपर्यंत हिशोब जुळत होता.

तो फार काळ जुळला नाही. १९२० च्या मध्यापासून जगभर मालभाडे कोसळू लागले. युद्धकाळात मागवलेल्या नव्या बोटी एकदम पाण्यात उतरल्या आणि माल मात्र तेवढाच राहिला. सिंदियाने दरम्यान इंग्लंडमध्ये पॅलेस शिपिंग कंपनीच्या सहा मालवाहू बोटी घेतल्या होत्या, त्याही चढ्या भावाने. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्या १९१४ मध्येच एक झाल्या होत्या आणि त्यांचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप यांनी नव्या हिंदी कंपनीला हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर दरयुद्धाने घेरले. रंगूनच्या तांदळाचे भाडे इतके खाली आणले गेले की कोळशाचा खर्च निघणे कठीण झाले.

दरयुद्धात कोण टिकतो, हे पैशाच्या थैलीवर ठरते असे आपण धरून चालतो. पण थैली किती वेगाने रिकामी होते ते कोळशावर ठरते. पॅलेस कंपनीच्या बोटी हळू, पोटाला मोठ्या आणि कोळशाला काटकसरी होत्या. भाडे निम्मे झाले तर त्या तोटा सोसत का होईना चालू शकत होत्या. ‘लॉयल्टी’ला ते शक्य नव्हते. तिला हवे होते श्रीमंत प्रवासी आणि टपाल. युरोपच्या मार्गावर टपालाचा करार पी अँड ओकडे होता आणि प्रवासी त्यांच्या बोटींच्या वक्तशीरपणाला सरावलेले. म्हणजे ब्रिटिश गळचेपी आणि बोटीचे इंजिन ही दोन वेगळी कारणे नव्हतीच. जे अनुदान मिळावे म्हणून हे इंजिन १८९० मध्ये असे बांधले गेले, तसे अनुदान पराधीन देशाच्या कंपनीला मिळणे अशक्य होते. वालचंदांनी बोट घेतली, तिच्याबरोबरचा करार त्यांना विकत मिळणार नव्हता.

मार्च १९२१ मध्ये ‘लॉयल्टी’ बंद करून उभी करण्यात आली. उभी बोट म्हणजे बिनखर्चाची बोट नव्हे. बंदराचे भाडे, राखणदार, विमा, गंज हे सगळे चालू राहते. फेब्रुवारी १९२३ मध्ये ती भंगारात विकली गेली आणि मुंबईतच तोडली गेली.

तूतुकुडीच्या चिदंबरम पिळ्ळै यांचे उदाहरण इथे आठवते. त्यांची स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी १९०६ ची, ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या तिच्या दोन बोटी. तूतुकुडी ते कोलंबो या जवळच्या मार्गावर ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे पाडून त्यांना संपवले. चिदंबरम पिळ्ळै तुरुंगात गेले आणि १९११ मध्ये कंपनीही मोडीत निघाली. दोन्ही कंपन्यांचा शत्रू एकच होता. सिंदिया वाचली याचे श्रेय लोक वालचंदांच्या चिवटपणाला देतात आणि ते योग्य आहे. त्याच्या बरोबरीने मी आणखी एका गोष्टीला देईन. ज्या बोटीवरून कंपनीचे नाव पडले, जिच्या सफरीला वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले, ती बोट उभी करायचा निर्णय त्यांनी दोन वर्षांत घेतला. अभिमानाची वस्तू चालू ठेवण्यासाठी तोटा सोसत राहणाऱ्या कंपन्या आणि घरे आपण पाहिलेली आहेत. आमच्याकडे तर बापाने घेतलेला ट्रॅक्टर दारात सडेल, पण विकला जाणार नाही.

१९२३ मध्ये सिंदियाने ब्रिटिश इंडियाशी दहा वर्षांचा करार केला. कंपनीने आपल्या बोटींचे एकूण माप ७५,००० टनांच्या पुढे न्यायचे नाही आणि प्रवासी वाहतुकीत पडायचे नाही, अशा त्याच्या अटी होत्या. अटी अपमानकारक होत्या आणि वालचंदांना त्या बोचतही होत्या. पण बोटींच्या हिशोबातून पाहिले तर ज्या धंद्यातून कंपनीला बाहेर राहायला सांगितले गेले, तो ‘लॉयल्टी’ने आधीच सोडायला लावला होता. उरली ती मालवाहतूक, म्हणजे हळू चालणाऱ्या, कोळसा कमी खाणाऱ्या बोटी. पुढे कंपनीच्या बोटींची नावे ‘जल’ या अक्षरांनी सुरू होऊ लागली.

नवी बोट आपल्याच गोदीत बांधायची, म्हणजे इंजिनघराचा नकाशा दुसऱ्याच्या गरजेवर ठरायचा नाही, हे वालचंदांनी पुढच्या वीस वर्षांत लावून धरले. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. युद्धामुळे काम रखडले. १४ मार्च १९४८ रोजी तिथली पहिली मोठी बोट ‘जल उषा’ जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. ती ८,००० टन माल वाहणारी बोट होती, वाफेचीच.